मोकिमो: बटाटा, मका, भोपळ्याचा पाला आणि कपातलं पाणी

सातारकरीण_थिकावाली · सोमवार, दुपारी २:१५

काल मंडईत एका मावशींच्या पाटीत लाल भोपळ्याचा पाला दिसला. शेंड्याकडचा, कोवळा, गुंडाळलेल्या तंतूंसकट. पुण्यात हा रोज दिसत नाही. मी सगळाच घेतला तेव्हा मावशी म्हणाल्या, "एवढं काय करता? शेळी पाळलीय का?" शेळी नाही, मोकिमो (बटाटा, मका, राजमा आणि पाला घोटून करतात तो केनियातला पदार्थ) करायचा होता. केला, जमला, म्हणून हा धागा. पाकृ लांबलचक आहे. घाईत असाल तर कपातल्या पाण्याचा भाग तेवढा वाचा, बाकी सगळं तुम्हाला येतंच.

आम्ही सहा वर्षं केनियात थिका गावी होतो. नैरोबीहून तासाभराचा रस्ता, सगळीकडे अननसाचे मळे. घरमालकीणबाईंची आई मुरांगाहून येऊन राहायची. किकुयु भाषेत आजीला शोशो म्हणतात, मग आम्हीही तिला शोशोच म्हणायला लागलो. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला किकुयु येत नव्हतं. स्वाहिली मात्र दोघींची सारखीच मोडकी होती, त्यामुळे गप्पा छान व्हायच्या.

एकदा तिनं ताटलीत हिरवागार गोळा आणून दिला. हे काय, विचारलं तर म्हणाली, "इरिओ." मी वहीत लिहून ठेवलं, पदार्थाचं नाव इरिओ. चार दिवसांनी ती उकडलेलं रताळं खात बसलेली, तेही इरिओ! मग कळलं की इरिओ म्हणजे नुसतं अन्न, जेवण. कुणी परक्यानं आपल्या ताटाकडे बोट दाखवून विचारावं आणि आपण 'जेवण' म्हणावं, तसं झालं होतं. हॉटेलांच्या कार्डावर इरिओ हे पदार्थाचंच नाव असतं, आणि त्यात बहुतेक वेळा मटार असतात. शोशोच्या हिरव्या गोळ्याचं नाव मोकिमो. किकुयुत 'किमा' म्हणजे घोटणं, त्यावरून. खिम्याशी काहीएक संबंध नाही, शाकाहारी मंडळींनी पळून जाऊ नये.

चार-पाच जणांसाठी मी घेतलं ते असं: एक किलो जुने बटाटे, मक्याची तीन कणसं, वाटीभर राजमा, भोपळ्याचा पाला चिरून चार वाट्या, मीठ. संपलं. कांदा आणि तेल घालायचं की नाही, त्यावर खाली भांडण होणारच आहे, म्हणून आत्ता काही बोलत नाही.

राजमा रात्री भिजत घातला. शोशो वाळका पांढरा मकाही राजम्याबरोबरच भिजवायची आणि दोन्ही एकाच सुफुरियात (म्हणजे आपलं बिनकानाचं पातेलं) कोळशाच्या जिकोवर तीन-तीन तास रटरटत ठेवायची. या मका-राजम्याला गिथेरी म्हणतात. ते नुसतंही खातात, आणि उरलं की दुसऱ्या दिवशी त्यात बटाटे घालून मोकिमो करतात. मी ओली कणसं घेतली. पण बाजारातला पिवळा गोड मका घेऊ नका, सगळ्याचा शिरा होतो. देशी पांढरा मका बघा, आणि तोही जरा जून. दाण्याला नख लावल्यावर दूध उडालं तर तो कोवळा, भाजून खाऊन टाका. नखाला पीठ लागलं तर तो मोकिमोचा. दाणे सुरीनं कापायचे नाहीत. एक ओळ मोकळी करायची आणि मग अंगठ्यानं शेजारची ओळ तिच्यात पाडत जायची. दाणा मुळापासून अख्खा निघाला पाहिजे, का ते पुढे येतंय.

राजमा कुकरमध्ये पूर्ण मऊ केला. (थिका दीड हजार मीटर उंचीवर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. राजमा शिजता शिजत नाही, म्हणून ते तीन-तीन तास.) मका वेगळा उकडून घेतला.

आता पाला. भोपळ्याच्या पानांना बारीक टोचरी लव असते आणि देठाला दोरे. देठ खालून मोडायचा, सालीचा पापुद्रा चिमटीत धरायचा आणि पानाकडे ओढत न्यायचा, घेवड्याची शीर काढतो तसा. दोरा पानाच्या मागच्या शिरांपर्यंत सोलत जातो. थिकात भाजी विकणाऱ्या बाईला सगळे मामा म्बोगा म्हणतात. ती गिऱ्हाईकाशी बोलता बोलता, हाताकडे न बघता हे दोरे काढून द्यायची. मला काल एक तास लागला.

मग पातेल्यात खाली मका-राजमा, वर सोललेल्या बटाट्यांच्या मोठ्या फोडी, मीठ, आणि पाणी फोडी जेमतेम बुडण्याच्या थोडं खालीच. उकळी आली की वर चिरलेला पाला पसरायचा आणि झाकण. पाला वाफेवरच शिजतो. सुरी बटाट्यातून सहज गेली की गॅस बंद.

इथे पहिल्यांदा माझी चूक झाली होती. मी पातेलं उचललं, झाकण तिरपं धरलं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. शोशोनं आधी मोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. उठली, स्वतःच्या घरून एक पत्र्याचा कप घेऊन आली आणि माझ्या ओट्यावर ठेवला. त्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता, पण पुढच्या खेपेपासून पाणी त्या कपात. बटाट्याचं, मक्याचं, पाल्याचं, सगळ्यांचं पाणी. घोटताना मिश्रण कोरडं वाटलं की त्यातलं दोन-दोन चमचे घालायचं. दूध नाही, लोणी नाही. उरलं तर पिऊन टाकायचं, पोटाला बरं असतं म्हणायची.

पाणी निथळल्यावर पातेलं झाकण न ठेवता दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा. फोडींच्या कडा पांढऱ्या, पिठूळ दिसायला लागल्या की खाली घ्या. आता घोटायचं. शोशो बुटक्या स्टुलावर बसायची, सुफुरिया दोन पावलांत फडक्यानं धरायची आणि म्विको (लाकडी डाव, आपल्या पळीपेक्षा चपटा आणि जाड) दोन्ही हातांत धरून कडेकडेनं दाबत यायची. ढवळायची नाही, दाबायची. बटाटा आणि पाला एकजीव व्हायला हवा, राजमा अर्धामुर्धा फुटला तरी चालेल, पण मक्याचा दाणा अख्खाच राहिला पाहिजे. हिरव्या गोळ्यात पांढरे मणी. दाणे सुरीनं कापलेले असले तर इथे त्यांचा चोथा होतो.

वाटीनं मूद पाडून वाढायचा. सोबत बकऱ्याचा किंवा कोंबडीचा रस्सा, आणि कचुंबारी. होय, आपली कोशिंबिरीतली कचुंबरच, नाव बदलून तिकडे राहिलीय.

—

ठोंब्या · दुपारी २:३१

फोटू नाहीत म्हणून फाऊल.

—

सातारकरीण_थिकावाली · दुपारी २:४०

@ठोंब्या, काढला होता. हिरवा गोळा गोवरी थापल्यासारखा आलाय. पदार्थाची बदनामी नको म्हणून टाकला नाही.

—

सोलापुरी_चादर · दुपारी ३:०५

ताई, हे तर आमचं गरगट्टं! पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, सगळं शिजवून घोटायचं. फक्त तुम्ही बटाट्यात कालवलंत. वरून लसणाची फोडणी आणि लाल तिखट पाहिजे राव, नाहीतर आजारी माणसाचं जेवण वाटतंय.

—

सातारकरीण_थिकावाली · दुपारी ३:२०

@सोलापुरी_चादर, घोटण्यापुरतं खरंय. पण गरगट्टं भाकरीबरोबरचं कालवण असतं, मोकिमो स्वतःच भाकरी आहे. तो रश्शात बुडवून खायचा. तिखट रश्शात घाला, मोकिमोला त्रास देऊ नका.

—

नैरोबीकर_विन्या · सायंकाळी ६:५०

वा! इथे बसून मराठीत मोकिमो वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं नैरोबीत आहे, बायको किकुयु, सासुरवाडी न्येरीची. तेव्हा थोडी भर आणि थोडी कुरकुर.

आधी नाव. ताईंनी 'मोकिमो' लिहिलंय ते बरोबर. नैरोबीत पाट्यांवर 'मुकिमो' दिसतं, कारण रोमन लिपीत किकुयु लिहिताना 'यू'च्या डोक्यावर जी नागमोडी रेघ लागते ती कुणी देत नाही. ती रेघ असली की उच्चार 'ओ'च्या जवळ जातो. तशीच रेघ 'आय'वर आली की 'ए'. म्हणजे आपण ज्यांना किकुयु म्हणतो ते स्वतःला साधारण 'गेकोयो' म्हणतात. आणि 'सी' अक्षर 'श' होतं, त्यामुळे आजी शोशो. मी लग्नानंतर दोन वर्षं आजेसासूबाईंना 'चुचू' म्हणत होतो, कारण लिहिलेलं तसं वाचलं. त्या हसायच्या, मला वाटायचं आवडतोय मी त्यांना.

आता पाला. भोपळ्याचा हा शहाजोग पाला झाला. सासुरवाडीला काहुरुरा नावाच्या वेलाची पानं घालतात, चव जास्त खोल. पावसानंतर थाबाई, म्हणजे अंगाला लागली की आग होणारी ती झुडपं. आमच्या सासूबाई हातात प्लास्टिकची पिशवी घालून शेंडे खुडतात. उकळत्या पाण्यातून काढली की खाज जाते आणि रंग असा येतो की बाकी सगळे पाले फिके. तेरेरे म्हणजे आपला राजगिरा-माठाचाच गोतावळा, तोही चालतो.

आणि राजमा हा अलीकडचा, रोजचा. मानाचा दाणा न्जाहे. काळा, चपटा, कडेला पांढरी रेघ, जणू कुणी खडूनं ओढलीय. शास्त्रीय नावानं बघाल तर तो आपला वाल-पावटाच. किकुयु लोकांत या दाण्याचं इतकं महत्त्व की मार्च ते मेच्या मोठ्या पावसाला 'न्जाहेचा पाऊस' म्हणतात. ऑक्टोबरनंतरचा छोटा पाऊस बाजरीवर्गातल्या म्वेरे या धान्याचा. थिकाजवळचा तो एकटा डोंगर आठवतोय का ताई, ओल दोन्यो साबुक? त्याला किकुयु नाव 'किआ न्जाहे'. बाळंतिणीला न्जाहे आणि केळी घोटून देतात. आमच्या मुलीच्या वेळी सासूबाई चाळीस दिवस तेच घेऊन येत होत्या. माझी आई भारतातून डिंकाचे लाडू घेऊन आलेली. दोघी एकमेकींच्या डब्यात डोकावायच्या.

कुरकुर एवढीच: तुमच्या शोशो कांदा घालत नव्हत्या म्हणून सोडून देऊ नका. आता न्येरीतसुद्धा बहुतेक घरांत कांदा तेलावर परतून मग त्यात घोटलेलं घालतात, वर दानिया (हो, धण्यावरूनच आलेला शब्द). चव वाढते.

—

सातारकरीण_थिकावाली · सायंकाळी ७:१५

विनयभाऊ, तुमच्या प्रतिसादाची वेगळी वही करावी लागणार. साबुकचा डोंगर आमच्या गच्चीतून दिसायचा! सहा वर्षं रोज बघितला आणि हे माहीत नव्हतं.

कांद्याबद्दल मात्र नाही. परतलेला कांदा आला की तोंडात तोच राहतो. मक्याचा तो शांत गोडवा आणि पाल्याचा किंचित कडसरपणा कुठे जातो कळत नाही. शोशो म्हणायची, कांदा रश्शाचा.

—

ठोंब्या · सायंकाळी ७:२२

झालं सुरू. साबुदाण्यात जिरं, मिसळीत बटाटा, मोकिमोत कांदा.

—

नैरोबीकर_विन्या · रात्री ८:३०

@सातारकरीण_थिकावाली, परंपरेच्या नावानं कांदा हाकलायचा असेल तर आधी बटाटा हाकला. बटाटा केनियात इंग्रजांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. मका पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर आला आणि डोंगरात घरोघरी व्हायला विसावं शतक उजाडलं. त्याआधी घोटायचे ते केळी, याम (आपल्या कोनफळाचा भाऊ) आणि कडधान्यं. म्हणजे मूळ आहे ते घोटणं. काय घोटायचं ते शेतानं ठरवायचं.

—

सातारकरीण_थिकावाली · रात्री ८:४१

बरं बाई. कांद्याच्या शेतात राहत असाल तर घाला.

—

बटाटेकाका · रात्री ९:१०

निवृत्त कृषी अधिकारी. कांद्यावर मत नाही, बटाट्यावर आहे.

ताईंनी "जुने बटाटे" एका शब्दात लिहून सोडून दिलं, खरी गोम तिथेच आहे. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी. तो उकडला की चिकट राहतो. घोटण्यासाठी कोरडा अंश जास्त असलेला बटाटा हवा. वेफर्सवाले नेतात तो चिप्सोना मिळाला तर उत्तम. पुखराज घेऊ नका, रस्साभाजीला चांगला, इथे पाणचट. आपल्याकडे आंबेगाव-खेडचं सातगाव पठार बटाट्यासाठी नावाजलेलं आहे, त्या बाजूचा ज्योती मिळाला तरी काम होतं.

दुसरं, शीतगृहातून नुकताच काढलेला बटाटा गोडसर लागतो. फार थंडीत पिठाची साखर होते. आधीच मका गोड, त्यात हा. असे बटाटे आठ-दहा दिवस घरात, अंधारात, हवेशीर ठेवा, गोडी बरीच उतरते. फ्रिजमध्ये अजिबात नको.

केनियात 'शांगी' नावाचा वाण फार लावतात असं वाचून आहे. विनयराव, घोटायला कसा?

—

नैरोबीकर_विन्या · रात्री ९:३५

काका, शांगीच सगळीकडे. पटकन शिजतो, पिठूळ, मोकिमोला छान. पण टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. न्यान्दारुआ, मोलो, मेरूकडून ट्रक भरून येतो. बाजारात अजून देबेच्या मापानं मिळतो. देबे म्हणजे आपला पत्र्याचा 'डबा'च, शब्दासकट इकडे आलेला. वर रास करून देतात, आणि रास किती उंच यावर बायकोची आणि विकणारीची पंधरा मिनिटं जातात. मी गाडीत बसून राहतो.

—

नाशिकची_नंदा · मंगळवार, रात्री १०:०५

आज केला. रडकुंडीला आलेय.

सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे. फक्त घोटायला वेळ नव्हता (ऑफिसातून साडेसातला आले) म्हणून हॅन्ड ब्लेंडर फिरवला. अर्ध्या मिनिटात खळ! अक्षरशः कपड्यांना घालायची खळ. डाव उभा केला तर उभाच राहिला. सासरे म्हणाले, "पतंगाला लावायला ठेव." काय चुकलं?

—

बटाटेकाका · रात्री १०:२०

ब्लेंडर चुकला. उकडलेल्या बटाट्यात पीठ फुगून पेशींमध्ये बसलेलं असतं. दाबलं तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, मऊ पण मोकळं लागतं. पात्यानं कापलं तर पेशीच फुटतात, पीठ बाहेर येतं आणि चिकट खळ होते. एकदा झाली की परत नाही.

—

सातारकरीण_थिकावाली · रात्री १०:३२

नंदा, अगं रडू नकोस, पहिल्यांदा मी मिक्सर लावला होता. शोशोनं पत्र्याचा कप आणला तो दिवस आणि हा दिवस एकच, मी फक्त अर्धीच चूक वर सांगितली.

लाकडी डाव नसेल तर पावभाजीचं मॅशर चालतं. कढईत आपटू नकोस, दाबत ये. आणि आजची खळ फेकू नकोस. फ्रिजमध्ये ठेव, उद्या घट्ट होईल. त्यात थोडं ज्वारीचं पीठ, मिरची, जिरं घालून तव्यावर थालीपीठासारखं थाप. तिकडेही उरलेला मोकिमो सकाळी परतून चहाबरोबर खातात. फक्त रात्रभर बाहेर ठेवू नकोस, पाला असल्यानं लवकर आंबतो.

—

ठोंब्या · रात्री १०:४०

राजमा वगळला तर उपासाला चालेल का? आईनं विचारायला सांगितलंय. खरंच.

—

सोलापुरी_चादर · रात्री १०:४४

मका राहिला की रे! आणि भोपळ्याचा पाला. मग उरतो बटाटा. बटाटा उकडून खा आणि झोप.

—

लेडन_ची_लेक · बुधवार, पहाटे ४:१५

इथे हॉलंडमध्ये थंडीत याचा चुलतभाऊ खातो आम्ही, बटाटे आणि केलचा (कोबीच्या जातीतली पालेभाजी) पाला घोटून, सोबत सॉसेज. स्टॅम्पपॉट म्हणतात. पण त्यात दाताखाली काहीच येत नाही, लहान बाळाचं जेवण वाटतं. मक्याचे दाणे घालायची कल्पना फार आवडली. शनिवारी डच सासूबाईंना न सांगता घालणार आहे.

—

नागपुरी_तर्री · बुधवार, दुपारी १२:२०

भोपळ्याचा पाला मिळाला नाही. पालक होता, माठ होता. विनयभाऊ माठ चालतो म्हणाले म्हणून माठ घातला. लाल माठ. आता माझ्यासमोर गुलाबी डोंगर आहे. पोरगी म्हणते, बाबा हे आइस्क्रीम आहे का?

चव पण चांगली आहे भौ, खोटं नाही बोलत. पण डोळे उघडे ठेवून खाववत नाही.

—

नैरोबीकर_विन्या · बुधवार, दुपारी १:००

हिरवा माठ म्हणायला हवं होतं, माफी असावी. पालक घालायचा तर आधी वेगळा वाफवून मुठीत घट्ट पिळा, तो फार पाणी सोडतो. ते पाणी ताईंच्या कपात.

आणि मंडळी, इथे हे रोजचं जेवण असलं तरी मोकिमो खरा बघायचा तर रुराशिओला. मुलीकडच्या घरी देणंघेणं ठरवायचा कार्यक्रम. माझा झाला तेव्हा माझ्या बाजूनं मंडळाचे चार मराठी दोस्त, दोन गुजराती शेजारी आणि एक पंजाबी वकील होते. फाटकाशी बायका गाणी म्हणत अडवून उभ्या. आत गेलो तर मागच्या अंगणात तीन दगडांवर हंडे, हंड्यात डोकं जाईल एवढे, आणि प्रत्येकापाशी दोन बायका उभ्यानं घोटतायत, खांद्याएवढ्या लांब दांड्यानं. एकीचा दांडा वर गेला की दुसरीचा खाली. वाफेत त्यांचे चेहरे दिसत नव्हते. ताटात मोकिमोचा डोंगर आणि शेजारी बोकड. आमच्यातले दोघं शाकाहारी. त्यांना वाटलं उपाशी राहणार, पण सगळ्यांत जास्त तेच जेवले, आणि सासूबाईंच्या मनातून उतरले नाहीत ते आजतागायत.

—

नलू_पेडणेकर · बुधवार, दुपारी ३:३०

मस्त धागा. वाचनखूण साठवली. २०१७च्या केनियातल्या निवडणुकीत मतदानाच्या रांगेत पिशवीतून काहीतरी खाणाऱ्या माणसाचा फोटो सगळीकडे फिरला होता, ते गिथेरीच ना?

—

नैरोबीकर_विन्या · बुधवार, दुपारी ३:४५

तेच! तासनतास रांग, माणूस शांतपणे गिथेरी खातोय. आठवडाभर देशाला दुसरा विषय नव्हता. इथे शाळेच्या वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही गिथेरी म्हणा, आधी हसेल, मग तोंड वाकडं करेल. आपल्याकडे मेसची डाळ, तसं.

—

मधुमेही_पण_खवय्या · बुधवार, सायंकाळी ५:१०

बटाटा आणि मका दोन्ही. माझ्यासारख्यानं काय करावं?

—

सातारकरीण_थिकावाली · बुधवार, सायंकाळी ५:२५

राजमा आणि पाला दुप्पट, बटाटा अर्धा, आणि मूद लहान वाटीची. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

—

नाशिकची_नंदा · रविवार, दुपारी १:५०

जमला!! सातगावचे बटाटे मिळाले नाहीत, पण भाजीवाल्याला "पिठूळ दे" म्हटलं तर त्यानं बरोबर दिले. कांदा घातला नाही. (सॉरी विनयदादा.) पाणी काढून ठेवलं, चार चमचे लागलं, बाकी मीच प्यायले. चव सुपासारखी लागली, मिरपूड घातली असती तर हॉटेलात विकता आलं असतं. सासऱ्यांनी दोनदा घेतलं, आणि पतंगाचा विषय काढला नाही.

एक शंका. राजमा कुकरमध्ये न लावता मंद आचेवर ठेवला तर? तुमच्या शोशोसारखा?

—

बटाटेकाका · रविवार, दुपारी २:१५

ठेवा, पण सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळू द्या. अर्धाकच्चा लाल राजमा पोटाला फार बाधतो, त्यातला विषारी अंश मंद आचेवर नीट जात नाही. भिजवलेलं पाणीही फेकून द्या.

—

सातारकरीण_थिकावाली · रविवार, सायंकाळी ६:००

नंदे, शाबास! आज परत मंडईत गेले होते. मावशींनी पाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला, दोरे काढून. मी विचारलं, कसे काय काढलेत? तर म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर मी पण घरी नेला, नुसता लसणावर परतला, दोरे दातात अडकले, मग काढायला शिकले. त्यांना मोकिमोची सगळी कृती सांगितली. राजमा त्यांच्याकडे कुणी खात नाही. त्या मूळच्या रोह्याकडच्या, घरी वाल आहेत, कडवे. ते घालू का, म्हणाल्या.

विनयभाऊ, तुमचा न्जाहे म्हणजे वालच ना? मग घालू देत? पाणी कपात ठेवा म्हणून सांगून आलेय.

—

नैरोबीकर_विन्या · रविवार, रात्री ७:४०

घालू देत, जरूर. बायकोला विचारलं, ती खूश झाली. पण धावत जाऊन मावशींना सांगा: वालाचं पहिलं पाणी कपात नाही. न्जाहेलाही उकळी आली की ते ओतून देतात, कडू असतं. दुसऱ्यांदा घातलेलं पाणी कपात.

—

सातारकरीण_थिकावाली · रविवार, रात्री ७:५२

मंडई बंद झाली हो. मावशींचा नंबर नाही माझ्याकडे. आता सकाळी सहाला जाते.